मंजूर पदे सहा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

छप्पन्नाव्या वर्षी मला पुन्हा नोकरी लागली, ही बातमी आज सोसायटीच्या वॉचमनपासून कात्रजच्या बसमधल्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झाली. कंडक्टर म्हणाला, सुट्टे द्या. तेवीस वर्षं वर्तमानपत्रात तिरकं लिहिलं. मग वर्तमानपत्राने पुरवणी बंद केली आणि मला सरळ केलं. दोन वर्षं घरी बसून भाजी निवडली. आता शनिवार पेठेतल्या एका महाविद्यालयाची वेबसाइट नव्याने लिहून द्यायची आहे. महाविद्यालयाचं नाव इथेही लिहीत नाही, करारात गोपनीयतेचं कलम आहे.

बसायला ग्रंथालयाच्या माळ्यावर जागा दिली आहे. खिडकी आहे, पंखा आहे, आणि पंखा फिरतोसुद्धा. वेबसाइट मात्र बघण्यासारखी आहे. वरच्या बाजूला एक सूचना उजवीकडून डावीकडे सरकत जाते, तिच्या शेपटाला लाल रंगात ‘नवीन’ असं लुकलुकतं. सूचना २०१४ची आहे. अकरा विभागांची अकरा पानं. त्यातली चार उघडत नाहीत, तीन उघडतात आणि पश्चात्ताप होतो.

प्राचार्य सज्जन वाटले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मूल्यांकन समिती येणार आहे. हल्ली समिती इमारत नंतर बघते, वेबसाइट आधी बघते. पान चांगलं तर विभाग चांगला, असं ते दोनदा म्हणाले. जाता जाता सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमची मुलगी इतिहासात डॉक्टरेट ना? मी सहज सांगितल्यासारखं हो म्हटलं.

श्रद्धा एकतीस वर्षांची आहे. सेट झाली, डॉक्टरेट झाली, आणि तीन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास घ्यायचा, तासापुरतं प्राध्यापक व्हायचं आणि घंटा झाली की स्कूटर काढायची. तिची आई गेली तेव्हा मी तिला शब्द दिला होता की पोरीला एका जागी बसलेली बघेन. ही नोकरी मी कशासाठी धरली हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. त्यावर आम्ही बोलत नाही. आज तिने न बोलता शिरा केला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

विभागप्रमुखांच्या भेटी. भौतिकशास्त्राच्या प्रमुखांना स्वतःचा फोटो मोठा हवा. रसायनशास्त्राच्या प्रमुखांना भौतिकशास्त्राच्या प्रमुखांपेक्षा मोठा हवा. अर्थशास्त्राच्या बाईंनी मजकूर तपासून देते म्हणून दोन दिवस ठेवून घेतला आणि एका स्वल्पविरामावर सही करून परत केला.

‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी विभाग कटिबद्ध आहे’ हे वाक्य आज मी सात वेळा लिहिलं. पूर्वी असल्या वाक्यांची टिंगल करून पोट भरायचो. आता तीच लिहून भरतो. पोटाला काय, दोन्ही सारखंच.

सोमवार, १० नोव्हेंबर

इतिहास विभाग. दुसरा मजला, शेवटची खोली.

खोलीबाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक आहे. त्यावर यास्मिन बागवान नावाच्या बाई पेपर तपासत बसल्या होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, बोलायला खणखणीत. चौदा वर्षं इथे शिकवतात, इतिहासाचे झाडून सगळे तास त्याच घेतात, आणि तासिका तत्त्वावर. वेबसाइटवर त्यांचं नाव नाही. मी हळहळ व्यक्त केली तेव्हा म्हणाल्या, अहो, बसमध्ये उभं राहणाऱ्याचं नाव सीटवर लिहितात का? खोली रिकामी असताना बाहेर का बसता, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, इथे वारा चांगला येतो. वारा अजिबात नव्हता.

आत सहा टेबलं, सहा खुर्च्या, प्रत्येक टेबलावर पितळी पाटी. धूळ नावालाही नाही. पानावरही हीच सहा नावं, सहा चौकटींत, फोटोसकट. मी सहाही जणांचे दूरध्वनी क्रमांक कार्यालयात मागितले. तिथले कारकून माझ्याकडे नवखा म्हणून बघून हसले. सहाही जण वारलेत.

त्यामागचा कारभार शिपाई माऊलींनी समजावला. माऊली निवृत्तीला आले आहेत, खरं नाव त्यांनाही आठवावं लागतं. इतिहासाला सहा पदं मंजूर. माणूस गेला आणि पानावरून नाव काढलं की पद रिकामं दिसतं. रिकामं दिसलं की सरकार ते रद्द करतं. म्हणून नाव काढायचं नाही. नाव आहे तर खुर्ची हवी, खुर्ची आहे तर हजेरी हवी, हजेरी आहे तर चहा हवा. रोज अकराला माऊली सहा कप आत ठेवतात आणि साडेअकराला सहा रिकामे कप विसळतात. कोण पितं, मी विचारलं. माऊली म्हणाले, सायब, मी ठेवायचं काम करतो.

पिणारे कारकूनच असणार. पुण्यात फुकटचा चहा मृतांना कोण जाऊ देईल!

बुधवार, १२ नोव्हेंबर

इतिहासाचं पान बारकाईने बघितलं. प्रा. अनिरुद्ध लोहोकरे २०१६ साली गेले, वय त्रेपन्न. जुन्या माहितीपुस्तकात त्यांचे केस काळेभोर आहेत. पानावरच्या फोटोत पांढरे आहेत. गालही बसलेत. बासष्ट वर्षांचा माणूस दिसावा तसे दिसतात. शर्ट तोच, मागचा पडदा तोच.

शोधनिबंधांची यादी बघितली तर शेवटचा निबंध गेल्या महिन्यातला. बाकीच्या पाचांचंही तसंच. जिवंत प्राध्यापकांच्या दहापट संशोधन. यात नवल नाही म्हणा. मेल्यावर माणसाला वेळ मिळतो, बैठका नसतात.

कुणाकडे पासवर्ड आहे म्हणून चौकशी केली. फक्त माझ्याकडे आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्राचार्यांनी बोलावलं. समितीला सहाच्या सहा चेहरे वयस्कर दिसले तर बरं नाही, म्हणाले. एक चौकट बदलायला हरकत नाही. लोहोकरे सर्वांत अलीकडचे, त्यांची बदलू. जागा पूर्ण पगाराची, रीतसर. नाव तुम्हीच सुचवा, तुम्ही विभाग जवळून बघितलाय.

विभाग मी जवळून बघितला होता. बाकावर कोण बसतं तेही बघितलं होतं. ओठांवर यास्मिनबाईंचं नाव आलं असतं तर आज मला स्वतःची शरम वाटली नसती. मी श्रद्धाचं नाव सांगितलं. वशिलेबाजीवर मी आयुष्यात चाळीसेक लेख लिहिले असतील; एका लेखाला बक्षीसही मिळालं होतं. प्राचार्य म्हणाले, छान, आणि बेल वाजवून स्टॅम्पपेपर मागवला.

श्रद्धाला सांगितलं तेव्हा ती हातातलं काम सोडून उठली. मग गॅलरीत जाऊन रडली. तिला वाटलं मला कळलं नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी हमीपत्रावर सही. ‘माझे नाव विभागाच्या पानावर असेल तोपर्यंत मी विभागात उपस्थित राहीन.’ मी म्हटलं, भाषा कुणाची आहे ही, दुरुस्त करून देऊ का? श्रद्धा म्हणाली, बाबा, आज नको ना. तिने आईची मोरपंखी साडी नेसली होती.

दहा वाजता मी माळ्यावर बसून लोहोकरेंची चौकट पुसली आणि तिथे माझ्या मुलीचं नाव लिहिलं. डॉ. श्रद्धा दत्तप्रसाद उपळेकर. सेव्ह केलं. बापाच्या हाताने पोरीचं नाव असं कितींना लिहायला मिळतं!

साडेदहाला यास्मिनबाई जिना चढून वर आल्या, धापा टाकत. म्हणाल्या, नाव काढा, आत्ताच्या आत्ता. त्यांना तीनदा विचारलं होतं म्हणे, तिन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं. मी मनात म्हटलं, द्राक्षं आंबट. तोंडाने बर्फी घ्या म्हटलं. त्यांनी बर्फी घेतली, टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या.

संध्याकाळी श्रद्धाचा निरोप आला: विभागात आहे. मी कळवलं, सावकाश ये.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आली नाही. फोन लागतो, उचलत नाही.

सकाळी नऊलाच विभागात गेलो. ती लोहोकरेंच्या टेबलाशी बसली होती. पाटी नवी, तिच्या नावाची. साडी कालचीच, चुरगळलेली नाही. खोलीत ऊन आलं होतं. मी हाक मारली. तिने मान वळवली, पण माझ्या खांद्यावरून मागे बघितल्यासारखं. घरी का आली नाहीस, विचारलं. ती म्हणाली, विभागाची स्थापना १९६८ साली झाली.

मी हसलो. थट्टा करण्यात ती माझी मुलगी. पुन्हा विचारलं, बाळा, जेवलीस का? ती म्हणाली, विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी विभाग कटिबद्ध आहे.

वाक्य माझं. पूर्णविरामासकट माझं.

हात धरून उठवायला गेलो. उठेना. वजन म्हणून नव्हे, भिंतीतला खिळा निघत नाही तसं. बाकीच्या पाच खुर्च्या माझ्याकडे तोंड करून होत्या. आलो तेव्हा तशा नव्हत्या.

बुधवार, १९ नोव्हेंबर

लोहोकरेबाईंचा फोन आला, नारायण पेठेतून. पानावरून नवऱ्याचं नाव गेलेलं बघून माझा क्रमांक कार्यालयातून मिळवला म्हणाल्या. नऊ वर्षांपूर्वी दहाव्याला कावळा शिवला नव्हता. मुलांनी किती वचनं दिली, शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. पण त्यांनी मनातून उरकलं नाही. रोज सकाळी गॅलरीत भाताची मूद ठेवायच्या. नऊ वर्षं एकाही कावळ्याने तोंड लावलं नाही. सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी कावळा आला आणि सगळी मूद खाऊन गेला.

त्या रडत होत्या, आनंदाने. ‘ह्यांना सोडवलंत हो तुम्ही,’ म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, त्यांच्या जागी कुणाला ठेवलंत?

मी फोन ठेवला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पोलीस चौकीत गेलो. हवालदार सभ्य होता. त्याने मोबाइलवर महाविद्यालयाची वेबसाइट उघडली, श्रद्धाचं पान दाखवलं. मुलगी सज्ञान आहे, नोकरीच्या जागी आहे, मस्टरवर रोजची सही आहे, तक्रार काय आहे काका? पान मात्र सुंदर केलंय, म्हणाला.

प्राचार्य म्हणाले, इतकी निष्ठा हल्लीच्या पिढीत दिसत नाही. मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, उपळेकर, नाव तुम्ही सुचवलंत, पान तुम्ही केलंत, सही तिने केली. मी फक्त स्टॅम्पपेपर मागवला.

खरं आहे. एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच तर ते प्राचार्य आहेत.

पानावर तिच्या नावापुढे चार शोधनिबंध वाढलेत. पाच दिवसांत.

शनिवार, २२ नोव्हेंबर

नाव पुसलं. चौकट रिकामी केली. संध्याकाळी पाचपर्यंत तिच्या टेबलाजवळ उभा राहिलो. साडेचारला तिने डोळे मिटले, ओठ हलले, मला वाटलं बाबा म्हणते आहे. माऊली दारातून म्हणाले, सायब, रिकामं राहत नाही ते.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी घरून पान उघडलं. तिचं नाव परत जागेवर. फोटोत डोळ्यांखाली काळं. कपाळावर एक आठी, जी तिला नव्हती.

पुन्हा पुसलं. दुपारी परत. कानाजवळ पांढरी बट.

आता पुसणार नाही. प्रत्येक पुसण्याची किंमत तिच्याकडून वसूल होते आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज मी जे केलं ते लिहायची लाज वाटते आहे. म्हणून लिहितो.

बाकाजवळ जाऊन यास्मिनबाईंना म्हणालो, तुमच्यावर अन्याय झालाय. चौदा वर्षं. ती जागा तुमचीच होती. मी आजच नाव बदलतो, श्रद्धाचीही हरकत नाही. आवाजात अगदी कळवळा आणला. तेवीस वर्षांच्या लेखनाचा अनुभव.

त्यांनी हातातला पेपर पूर्ण तपासला, गुण लिहिले, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, ‘उपळेकर, मी इथे हवा खायला बसत नाही. ह्या उंबऱ्याच्या आत चौदा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही मी. आपल्या मुलीचं वाईट वाटतं मला, खरंच वाटतं, रोज तिच्यासाठी दुआ करते. पण सतरा तारखेला मी सांगायला आले, तेव्हा आपण मला बर्फी दिलीत.’

मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, ज्याला जागा हवी असते तोच तिथे बसतो, जबरदस्तीने कुणी बसत नाही. मला घर आहे, घरी अम्मी आहे, सात वाजता तिला औषध द्यायचं असतं. मला नको.

मग पुढचा पेपर घेतला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

मी स्वतःच जातो.

सरळ उपाय. एवढे दिवस सुचला नाही, असं इथे लिहिणार होतो. सुचला होता. भीती वाटत होती.

स्टॅम्पपेपर आणला, हमीपत्र उतरवलं, सही केली. श्रद्धाची चौकट उघडली, स्वतःचं नाव लिहिलं, फोटो लावला. सेव्ह. तांबड्या अक्षरांत उत्तर आलं: पात्रता अपूर्ण. पदव्युत्तर परीक्षेत किमान पंचावन्न टक्के आवश्यक.

मला अठ्ठेचाळीस आहेत. नेट नाही, सेट नाही.

सहा वेळा प्रयत्न केला. पंचावन्न लिहून बघितलं. पानाला खरे आकडे ठाऊक आहेत. मुलीसाठी जीव द्यायलाही मी पात्र नाही. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर केवढा झकास लेख झाला असता.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

महाविद्यालयाच्या वेबसाइटवर मी जाहिरातीची एक ओळ टाकली: इतिहास, एक पद. संध्याकाळपर्यंत दोनशे बारा अर्ज. डॉक्टरेटवाले एकशे चाळीस.

वाचत बसलो. कुणाकुणाच्या घरी कोण कोण आहे ते बघत होतो. निवड करत होतो. एक अर्ज वेगळा काढला: संतोष कापगते, वय चौतीस, मूळचा गोंदियाचा. आई नाही. वडील गावी, बायको-मुलगी गावी. इथे कुणी नाही.

लांबचा आहे. चौकशीला लवकर कुणी येणार नाही.

हे वाक्य मी लिहिलं. खोडत नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

संतोष आला. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतो, क्लासमध्ये शिकवतो. इस्त्रीचा शर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. मला वाकून नमस्कार केला.

मी त्याला सगळं सांगितलं. एवढं तरी केलं. विभागाच्या दारात नेऊन श्रद्धा दाखवली. अर्धे केस पांढरे झालेत. माझी मुलगी आहे म्हणालो. नाव लागलं की घरी जाता येणार नाही, कुणाशी बोलता येणार नाही, मेल्यावरही सुटणार नाहीस. त्याने नीट ऐकून घेतलं. मग संकोचून विचारलं, सर, पद अनुदानित आहे ना?

मी म्हटलं, तुला कळतंय का मी काय सांगतोय? तो म्हणाला, सर, पुण्यात येऊन नऊ वर्षं झाली. मुलीला वर्षातून दोनदा बघतो. ती मला काका म्हणते. दिवसभर एका खोलीत बसायचं, कुणाशी बोलायचं नाही, आत्ता वेगळं काय करतो? तिथे निदान पाटी तरी आहे.

पाटीकडे त्याने असं बघितलं, माणसं देवळात बघतात तसं.

हमीपत्रावर त्याने न वाचता सही केली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

अकरा वाजता श्रद्धाच्या चौकटीत संतोषचं नाव टाकलं. स्वीकारलं. पात्रता पूर्ण.

विभागात धावलो. संतोष टेबलाशी बसला होता, ताठ. श्रद्धा नव्हती. व्हरांड्यात नाही, आवारात नाही. यास्मिनबाई बाकावरून उठून उभ्या होत्या, माझ्याकडे बघत होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी फोन. संतोषचे वडील. पोरगा लागला जी, म्हणाले. गावभर बुंदी वाटली. तुमच्यासारखा देवमाणूस पुण्यात भेटला म्हणून झालं जी, नाहीतर आपल्या लेकराला कोण विचारतं. आपल्याला पण लेकरंबाळं असतील, देव त्यांचं भलं करो.

मी बरं म्हणालो. बरं म्हणालो मी.

रविवार, ३० नोव्हेंबर, सकाळी सव्वानऊ

बेल वाजली. श्रद्धा.

देवा. माझी पोर. केस पिकलेत, हात सुकलेत, माझ्याहून थोरली दिसते — पण दारात उभी आहे, दोन पायांवर. मी मिठी मारली. गार आहे. असू दे. पोहे टाकतो. होईल सगळं नीट.

दहा वाजता

पोह्यांना हात लावला नाही. पाणीही नको. घरभर फिरली, काहीतरी हरवल्यासारखी. मग विचारलं, कुणी काढलं?

मी म्हटलं, मी सोडवलं तुला, बाळा.

ती म्हणाली, आपण कुणाला विचारून काढलंत? आपण. मला. आयुष्यात पहिल्यांदा.

मी समजावतोय. ती ऐकत नाही. एकतीस वर्षांत एक जागा मिळाली होती, म्हणते. तुम्हीच दिली होतीत, म्हणते. आवाज चढत नाही. चढला तर बरं.

संतोषच्या वडिलांचा फोन. तिसऱ्यांदा. पोरगा उचलत नाही म्हणून असणार. मी उचलत नाही.

दहा वीस

लॅपटॉप तिच्याकडे. ओढून घ्यायला गेलो — हात धरला माझा. सुटत नव्हता. मग तिनेच सोडला.

पान उघडलं. मी म्हटलं संतोषला हात लावू नकोस, त्याला मुलगी आहे. ती म्हणाली, त्याची नको. पाच आहेत अजून.

पाच. मेलेली पाच. त्यातलं एक पुसायचं आणि — मी विचारच केला नव्हता, की दर वेळी एक मेलेला सुटतो आणि एक जिवंत —

तिने पुसलं. स्वतःचं नाव लिहिलं. माझ्यापेक्षा जलद लिहिते.

सेव्ह.

ती इथेच आहे अजून. समोरच्या खुर्चीत. पण खुर्चीची पाठ दिसते आहे तिच्यातून — नाही, दिसत नाही, ऊन आहे — ऊन आहे फक्त

दहा पंचवीस

उठत नाही. अजून लिहितेच आहे. पानाच्या तळाशी. नवी चौकट. शिक्षकेतर कर्मचारी.

तिथे पात्रता विचारत नाहीत.

मी म्हटलं नको. श्रद्धा, नको. ती हसली. तिच्या आईसारखी हसली, सतरा तारखेनंतर पहिल्यांदा. म्हणाली, बाबा, तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, मी तुमच्यासाठी टाकायला नको?

माझं नाव लिहिते आहे. हळू. एकेक अक्षर. शुद्धलेखन बघते आहे. लॅपटॉप बंद करायला हात — हात टेबलावरून उचलत नाही. लेखणीचा तेवढा चालतो. हमीपत्र हवं ना, म्हटलं, सही नाही माझी. ती म्हणाली, आहे की. बुधवारची.

खाली जिन्यात कोण — माझा फोन वाजतो आहे, गोंदिया —

जन्मतारीख विचारते आहे. सांगायची नाही. दात आवळून धरलेत. सांगायची नाही, सांगायची

सांगितली.

गाव विचारते. सांगितलं.

इतकी आनंदात आहे पोर. एका जागी बसलेली. शेजारी खुर्ची ओढून ठेवली आहे माझ्यासाठी, थोपटते आहे, बाबा या, या ना, विभागाची स्थापना एकोणीसशे अडुस